तलाव बांधणाऱ्याला काय कळत होतं?

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी, साकोली, लाखांदूरकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, बहुतांशी कोहळी समाजानं बांधले. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. दुर्बीण लावून उतार मोजायची सोय तेव्हा नव्हती. मग पाणी कुठं थांबेल, पाळ किती उंच हवी, हे त्या माणसांना कळलं कसं?

ज्ञान येतं कुठून, या प्रश्नाला न्यायदर्शनानं चार वाटा दिल्या: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी डोळ्यांदेखतचं तेवढंच खरं मानलं. बौद्ध आचार्य दिङ्नागानं प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच ठेवली; दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं हाही त्याच्या मते अनुमानाचाच प्रकार. हा वाद शतकानुशतकं चालला. तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की मला नैयायिकांची बाजू पटते. ओढा गढूळ दिसला, हे प्रत्यक्ष. वर कुठं तरी माती सुटते आहे, हे अनुमान. ही जागा आज्याच्या तलावासारखीच आहे, हे उपमान. आणि अमक्या पावसाळ्यात पाणी पाळीवरून गेलं होतं, हा म्हाताऱ्याचा शब्द. हा शब्द वगळला तर पाळ ठेंगणी राहील, कारण तसला पाऊस बांधणाऱ्यानं स्वतः कधी पाहिलेलाच नसतो.

युरोपात लॉकनं १६९० च्या ग्रंथात मन कोऱ्या कागदासारखं मानलं. त्यावर लिहितो तो अनुभव. कांटनं १७८१ मध्ये दाखवलं की अवकाश, काळ, कार्यकारण ही चौकट मन आपल्याकडूनच अनुभवाला देतं. दोघंही मोठेच. पण दोघांच्या मांडणीत जाणणारा माणूस एकटा आहे. तलाव एकट्याला कळत नाही. तुडुमातून, म्हणजे तलावाच्या मोरीतून, पाणी कधी सोडायचं हे बांधीतल्या धानाकडे पाहून ठरतं, सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, गेलेलं पाणी खालच्या गावच्या तलावात उतरतं, आणि तळाशी काय चाललंय ते मासे धरणाऱ्या ढिवराला ठाऊक असतं. चूक झाली तर तिची झळ या सगळ्यांनाच बसते, म्हणून पुढच्या साली ज्ञान दुरुस्त होतं.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती. त्या व्यवस्थेत रयतेची पिळवणूक होती. पण तलाव सरकारी झाले तेव्हा पाहणारा आणि निर्णय घेणारा यांची ताटातूट झाली. पाळीची डागडुजी मागं पडली, गाळ साचला, बेशरम ही उपरी वनस्पती माजली. म्हाताऱ्यांचा शब्द विचारणारं कुणी उरलं नाही.

अर्जुनी मोरगाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथल्या ढिवर बायाबापड्यांनी आणि अभ्यासकांनी मिळून हा तुटलेला धागा पुन्हा जोडला. देशी मासे कोणत्या पाणवनस्पतींच्या आसऱ्यानं वाढतात हे मासे धरणाऱ्यांनी सांगितलं, ते नोंदवलं गेलं. मग बेशरम उपटून देशी वनस्पती तलावात लावल्या. म्हणजे आधी शब्द प्रमाण मानला, आणि नंतर त्याची परीक्षा पाण्यातच घेतली.