पाच वाजता आलेल्यांचा पूर्ण रोज

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यशया ५५:६-९, फिलिप्पै १:२०-२४, २७, मत्तय २०:१-१६



द्राक्षबागेतले काम म्हणजे काय, हे आपल्या नाशिक भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आजचे शुभवर्तमान ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे दिंडोरी-पिंपळगावकडच्या बागा येतात. सध्या गोडी छाटणीचे दिवस आहेत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसे कामासाठी खाली उतरतात आणि गिरणाऱ्यासारख्या ठिकाणी सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पिशवीत भाकर, हातात पाण्याची बाटली. गाडी येऊन थांबते, मालक चार धडधाकट गडी निवडतो, गाडी निघून जाते. राहिलेले पुढच्या गाडीकडे डोळे लावून बसतात. दहा-अकरा वाजले की समजायचे, आजचा दिवस गेला. म्हातारी माणसे, अशक्त माणसे, कडेवर मूल असलेली बाई, हेच बहुधा शेवटपर्यंत उरतात.

प्रभू येशूने सांगितलेला दाखला अशाच एका नाक्यावर सुरू होतो. घरधनी पहाटेच बाहेर पडतो, मजुरांशी एक दीनार ठरवतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो. दीनार म्हणजे त्या काळचे चांदीचे रोमन नाणे, साधारण एका दिवसाचा रोज. मग तो नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. दिवस मावळायला एक तास उरलेला असताना, पाच वाजता, तो परत नाक्यावर येतो. तिथे अजून माणसे उभी आहेत. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी हिशेब होतो आणि पाचवाल्यांच्या हातावर पूर्ण दीनार पडतो. पहाटे आलेल्यांनाही एकच दीनार. मग कुरकुर सुरू होते.

खरे सांगायचे तर ही कुरकुर आपल्याला पटते. पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला हाच प्रश्न घातला गेला होता : हा मालक न्यायी आहे काय? आम्ही अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन लिहिले, की न्याय म्हणजे ज्याच्या त्याच्या योग्यतेच्या प्रमाणात वाटणी. बारा तास आणि एक तास यांना सारखे मोजणे हे त्या प्रमाणात बसत नाही. त्यावर संत थॉमस अक्विनस यांचे उत्तरही आम्हाला पाठ होते. ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात ते विचारतात की, एखाद्याचे आपण शंभर नाणी देणे लागतो आणि आपल्या खिशातून त्याला दोनशे दिली, तर न्याय मोडला का? मोडला नाही. न्याय पाळून आपण त्याच्या पुढे गेलो. दया न्यायाला खोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. मळ्याच्या मालकाने पहिल्यांचा एक पैसाही कापला नाही. पाचवाल्यांना दिले ते स्वतःच्या पदरचे दिले.

परीक्षेत या उत्तराला चांगले गुण मिळाले. पण हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. आमच्या गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच काही वर्षांत तो समोर येऊन उभा राहिला.

तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका घरातला थोरला मुलगा तरुणपणीच घर सोडून गेला होता. दारू, कर्ज, बायकोला टाकून देणे, सगळे झाले होते. आईवडिलांच्या मातीलाही तो आला नाही. पंचवीस वर्षांनी तो परत आला तो दुखणे घेऊनच. जेमतेम तीन आठवडे जगला. त्या दिवसांत त्याने प्रायश्चित्त संस्कार घेतला, तैलाभ्यंग झाले, ख्रिस्तशरीर घेताना तो लहान मुलासारखा रडला. त्याच्या दफनाच्या मिस्साला चर्च भरले होते. आम्ही प्रवचनात उधळ्या पुत्राबद्दल बोललो आणि लोकांनी डोळे पुसले.

मिस्सा संपल्यावर त्याची धाकटी बहीण सॅक्रिस्टीत आली. तिनेच आईवडिलांचे सगळे केले होते. आई सहा वर्षे अंथरुणाला होती, हिने तिचे हगणे-मुतणे काढले. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही, वेदीवरची फुले तीच लावायची. ती म्हणाली, “फादर, राग मानू नका. पण मग आम्ही इतकी वर्षे केले ते कशासाठी? शेवटी त्यालाही तेच आणि आम्हालाही तेच?”

आम्ही म्हणालो, “बाई, देवाची दया अपार आहे.” ती मान हलवून निघून गेली. आमचे उत्तर चूक नव्हते. पण तिच्या प्रश्नाला ते लागू पडले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते आणि आम्हालाही कळत होते. न्याय मोडला का, हे ती विचारत नव्हती. आपले आयुष्य फुकट गेले का, हे ती विचारत होती.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो, फक्त आपण तो चर्चच्या आवारात बोलून दाखवत नाही. आमच्या आजोबांनी या चर्चसाठी दगड वाहिले आणि काल आलेली मंडळी पुढच्या बाकावर बसतात. आम्ही वीस वर्षे गायकवृंदात आहोत आणि सत्कार झाला तो दोन वर्षांपूर्वी आलेल्याचा. आम्ही मुलांना काटेकोर वळण लावले, ज्यांनी लावले नाही त्यांचीही मुले चांगली निघाली. आम्ही धर्मगुरूही या रांगेबाहेर नाही. आपल्यानंतर आलेल्या तरुण फादरांचे प्रवचन लोकांना जास्त आवडले, हे ऐकताना आमच्याही पोटात काहीतरी ढवळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात या दाखल्याच्या थोडे आधीच पेत्राने प्रभूला विचारले आहे की, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? म्हणजे हा दाखला बाहेरच्या पाप्यांना सांगितलेला नाही. तो पहाटेपासून राबणाऱ्यांना सांगितला आहे. तो आपल्याला सांगितला आहे.

दाखल्यातली एक बारीक गोष्ट पाहू या. मालक कारभाऱ्याला शेवटच्यांपासून मजुरी द्यायला सांगतो. पहिल्यांना आधी पैसे दिले असते, तर ते दीनार कमरेला लावून आनंदाने घरी गेले असते. ठरले तेवढे मिळाले, घरात दाणे आले. त्यांचा आनंद गेला तो दुसऱ्याच्या हातात काय पडले हे पाहून. त्यांच्या स्वतःच्या हातातला दीनार तसूभरही कमी झाला नव्हता. मालक शेवटी जे विचारतो, त्यात मूळ ग्रीक भाषेत ‘वाईट डोळा’ असा शब्दप्रयोग आहे. मी चांगला वागलो म्हणून तुझा डोळा वाईट झाला का, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत म्हणतो, दुसऱ्याचे चांगले डोळ्यांत खुपते. सकाळी काम मिळाले म्हणून देवाचे आभार मानणारी माणसे संध्याकाळी याच डोळ्यामुळे दुःखी झाली.

आणि ते काय बोलतात ते ऐका. दिवसभराचे कष्ट आणि ऊन आम्ही सोसले, असे ते म्हणतात. त्यांच्या दृष्टीने मळ्यातला दिवस म्हणजे नुसते ऊन. पाचवाल्यांनी जणू सावलीत बसून मजा केली! नाक्यावर उभे राहिलेल्या कोणालाही विचारा. बागेत राबणाऱ्याचे अंग दुखते, पण मन शांत असते, कारण संध्याकाळची चूल पेटणार हे त्याला ठाऊक असते. नाक्यावर उभ्या असलेल्याला हातात काय घेऊन घरी जावे हे कळत नाही. येणारी प्रत्येक गाडी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जाते. ऊन त्यालाही लागते, आणि ते ऊन कोणाच्या हिशेबात धरले जात नाही.

आता त्या बहिणीकडे परत येऊ या. महिनाभराने आम्ही तिच्या घरी गेलो. उपदेश करायचा नाही असे ठरवूनच गेलो होतो. चहा झाला. मग तीच बोलली. भाऊ गेला त्याच्या आदल्या रात्री त्याने तिला विचारले होते, “आईने शेवटी माझे नाव घेतले होते का?” ती म्हणाली, “घेतले होते.” मग तो रात्रभर तिला आईबद्दल विचारत राहिला. शेवटी शेवटी काय खायची, कोणती प्रार्थना म्हणायची, चिडायची का. हे सांगून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “फादर, मी त्याच्यावर जळत होते. पण त्याला आई मिळालीच नाही. मला मिळाली.”

राग पूर्ण गेला, असे ती म्हणाली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पण सेमिनरीत आम्हाला जे सापडले नव्हते, ते तिला सापडले होते. मळ्यातली ती वर्षे ही मजुरीसाठी मोजलेली किंमत नव्हती. ती वर्षे हेच एक देणे होते. भाऊ पंचवीस वर्षे नाक्यावर उभा होता आणि ती घरात होती.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या एका प्रवचनात हा दीनार म्हणजे सार्वकालिक जीवन असे सांगितले आहे. हे लक्षात घेतले की गणित सुटते. रोजाचे पाव, अर्धा, पूर्ण असे भाग करता येतात. आपण अर्धा रोज भरतो, खाडा कापतो. पण देव जेव्हा स्वतःलाच देतो, तेव्हा त्याचा अर्धा भाग कसा करणार? वधस्तंभावरच्या पश्चात्तापी चोराला प्रभूने स्वर्गाचा एक कोपरा देऊ केला नाही. तू माझ्याबरोबर असशील असे वचन दिले. पवित्र मरियेलाही तेच मिळाले आहे, तिचा पुत्र. आजच्या पहिल्या वाचनात यशया सांगतो की, देवाचे विचार आपल्या विचारांहून आकाशाएवढे उंच आहेत. हे वाक्य आपण देवाची गूढता सांगायला वापरतो. पण त्याच्या लगेच आधी संदेष्टा कशाबद्दल बोलत आहे? भरभरून क्षमा करण्याबद्दल. ती उंची दयेची आहे.

कोणी म्हणेल, मग आम्हीही पाच वाजताच येऊ! या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या वाचनात संत पौल देतो. तो तुरुंगात आहे. मरून ख्रिस्ताकडे जाणे त्याला अधिक बरे वाटते, तरी आणखी जगून फिलिप्पैकरांसाठी फळ देणारे काम करायलाही तो तयार आहे. त्याला सुट्टीची घाई नाही. ज्याचे धन्यावर प्रेम आहे, तो पाच वाजण्याची वाट पाहत नाही.

एक सावधगिरी मात्र घेऊ या. माझे पैसे, माझी मर्जी, असे म्हणून मजुराला कमी देण्यासाठी या दाखल्याचा आधार घेता येणार नाही. मालकाने आपली मर्जी जास्त देण्यासाठी वापरली, आणि तीही ठरलेले आधी चुकते करून. गरिबाची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, असे अनुवादाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात स्पष्ट केले की, मजूर राजी झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे त्या मजुरीत भागले पाहिजे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले हे सांगताना याच परिपत्रकाची आठवण काढली. तेव्हा आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मूल आजारी असताना झालेला खाडा, सातपूर-अंबडच्या कंपनीत आपल्या हाताखाली असलेला कंत्राटी मुलगा, बागेतल्या मजुरांचा थकलेला रोज, हे सगळे आजच्या शुभवर्तमानात येते. मालकाने घड्याळ पाहिले नाही. संध्याकाळी त्या माणसाच्या घरी चूल पेटायला किती लागते, ते पाहिले.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. ज्याचे चांगले झालेले आपल्या डोळ्यांत खुपते, अशा एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी रोज एकदा ‘हे आमच्या बापा’ म्हणू या. आणि आपल्या ओळखीत जो कोणी अजून नाक्यावर उभा आहे, चर्चपासून तुटलेला, घरापासून तुटलेला, त्याला एक फोन करू या. चार वाजून गेले असतील. पाच अजून व्हायचे आहेत.

प्रभो, तू आम्हाला सकाळीच बोलावलेस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. उशिरा येणाऱ्यांकडे पाहताना आमचा डोळा निर्मळ ठेव. आमेन.

– आपले धर्मगुरू