यंत्राची साक्ष व माणसाची जबाबदारी

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतील आमच्या वाचकांपुढें आज आम्ही असा एक प्रश्न मांडीत आहों, कीं जो वरवर पाहतां डॉक्टरांचा किंवा कारागिरांचा वाटेल, परंतु विचारांतीं तो आपणां सर्वांचाच आहे असें दिसून येईल. छातीचें क्ष-किरणचित्र, ज्यास आपण सरळ 'एक्स-रे' म्हणतों, तें पाहून रोगाचा संशय आहे कीं नाहीं हें सांगण्याचें काम आतां संगणक करूं लागला आहे. तर आजारी मनुष्याविषयीं यंत्रानें दिलेल्या साक्षीवर कितपत विसंबावें, आणि ती साक्ष खोटी ठरली तर जाब कोणीं द्यावा?

हा प्रश्न आपल्या दारीं कां आला तें प्रथम पाहूं. चित्र काढणें आतां फारसें अवघड राहिलें नाहीं. चित्र काढणारें यंत्र हातांत धरून नेण्याइतकें लहान झालें आहे, व ७ डिसेंबर २०२४ पासून देशांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची जी मोहीम सुरू झाली, तींत अशीं यंत्रें उपयोगांत आणिलीं गेलीं. अवघड आहे तें चित्र वाचणें. ह्या विद्येंत मुरलेले तज्ज्ञ बहुतकरून पुण्यासारख्या शहरांत असतात; घोडनदीच्या किंवा भीमेच्या कांठच्या खेड्यांत ते बिऱ्हाड करीत नाहींत, आणि त्यांस दोष देऊनही उपयोग नाहीं. चित्र निघतें व वाचणाऱ्याची वाट पाहत पडून राहतें. तोंवर मजूर कामावर परत जातो, खोकला अंगावर काढतो, आणि एका खोलींत निजणाऱ्या लेंकरांस तोच रोग देतो. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशांत आहे. २०१९ ते २०२१ ह्या सालांत देशभर जी पाहणी झाली तींत असें आढळलें, कीं केवळ लक्षणें विचारून थांबलें असतें व छातीचें चित्र काढलें नसतें, तर सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४२.६ रोगी निसटून गेले असते. तेव्हां चित्र पाहिजे, आणि तें वेळेवर वाचणारा पाहिजे, ह्यांत वाद नाहीं.

ह्या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८९५ सालीं जर्मनींत रोंटगेन ह्या विद्वानास हे किरण सांपडले, व त्यांचें पेटंट घेण्याचें त्यानें नाकारलें. म्हणून तें ज्ञान पाहतां पाहतां सर्व जगाचें झालें. पुढें १९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्ड ह्यानें केलेल्या यंत्रांतून एका रोग्याच्या मेंदूचें आडवें छेदचित्र निघालें. निरनिराळ्या बाजूंनीं किरण सोडून आलेले आंकडे संगणकाकडून जुळवून घेऊन तें बनविलें होतें. तेंच आजचें सी. टी. स्कॅन. गंमत अशी, कीं ह्याच जातीचें गणित १९५६ सालीं ब्रेसवेल ह्या शास्त्रज्ञानें आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींवरून चित्र जुळविण्याकरितां मांडलें होतें. आपल्याच जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ज्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, त्याही अशाच लहरी गोळा करितात. ताऱ्यांचें गणित व रोग्याच्या मस्तकाचें गणित एकाच घरचें निघावें, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

परंतु तेथवर संगणक चित्र बनवीत होता. अर्थ लावणारा माणूसच होता. आतां निराळी गोष्ट झाली आहे. संगणकास लाखों चित्रें दाखवितात, प्रत्येकाबरोबर "हा रोगी, हा निरोगी" असें सांगतात, व त्यावरून तो आपली खूण आपणच बसवितो. मग नवें चित्र पुढें ठेविलें कीं तो एक आंकडा देतो: संशय किती, तें शून्यापासून शंभरापर्यंत. अशा आज्ञावल्या करणाऱ्या कंपन्या मुंबईस आहेत, पुण्यासही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं क्षयरोगाच्या चाळणीपुरती अशा साधनांच्या उपयोगास अनुमति दिली. मात्र पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांसच. लहान मुलांस ती लागू केली नाहीं, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

यंत्र कसें शिकतें हें कळलें म्हणजे तें कोठें फसतें हेंही कळतें. २०१८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें, कीं फुप्फुसदाह ओळखावयास शिकविलेला संगणक चित्र कोणत्या रुग्णालयांतून आलें हेंच ओळखून त्याचा आधार घेऊं शकतो. कारण एका रुग्णालयांत रोगी अधिक येत, दुसऱ्यांत कमी. जेथें तो शिकला तेथें त्याचें उत्तर बरोबर येई, परंतु दुसऱ्या ठिकाणीं नेतांच तें डळमळे. शिक्षक मंडळीस हें नवल वाटणार नाहीं. उदाहरण न समजतां पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून गणित सोडविणारा विद्यार्थी त्यांच्या शाळेंतही असतो. फरक इतकाच, कीं विद्यार्थ्यास "हें कसें केलेंस?" असें विचारतां येतें, व तो गडबडला कीं आपणांस समजतें.

आतां आम्हांस ज्या मुद्यावर अधिक थांबावयाचें आहे तो हा. यंत्र आंकडा देतें; परंतु कोणत्या आंकड्यापासून मनुष्यास संशयित म्हणावें, ती रेघ यंत्र ओढीत नाहीं. ती माणसें ओढतात, आणि ज्या त्या प्रांताची स्थिति पाहून ती ओढावी असें आरोग्य संघटनाही सांगते. बाजरी चाळणाऱ्या बाईस हें समजावून सांगावयास नको. चाळणी किती बारीक घ्यावयाची हें चाळणी ठरवीत नाहीं. समजा, एका गांवांत हजार माणसांचीं चित्रें काढलीं व त्यांत दहा खरे रोगी आहेत. रेघ खालीं ओढली तर दहाही सांपडतील, पण त्यांबरोबर दोनशें निरोगी माणसें संशयांत येतील. रेघ वर ओढली तर पन्नासांसच त्रास होईल, पण दोन-तीन रोगी "कांहीं नाहीं" असें ऐकून समाधानानें घरीं जातील. हे आंकडे आम्हीं उदाहरणापुरते घेतले आहेत. परंतु असा तिढा प्रत्येक चाळणींत आहे, व तो गणितानें सुटत नाहीं. एक रोगी सुटणें अधिक वाईट, कीं वीस माणसांस फुकट धास्ती पडणें? आणि खेड्यांत ही धास्ती म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. थुंकीच्या तपासणीसाठीं तालुक्याच्या गांवीं जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. जिचें लग्न ठरत आहे अशा मुलीचें नांव संशयितांत आलें, ही बातमी तिच्याआधीं नदीपार पोहोंचते.

पुष्कळदां ही रेघ दयेनें किंवा शास्त्रानें ठरत नसून, तपासणीचें सामान किती शिल्लक आहे त्यावर ठरण्याचा धोका असतो. सामान कमी, म्हणून रेघ वर. आमचें म्हणणें असें नाहीं, कीं असें कधींही करूं नये. भाकरी थोडी असतां ती वांटून खावी लागते. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ही वांटणी आहे, ती माणसानें केली आहे, आणि "संगणकानें असें सांगितलें" ह्या शब्दांआड तिला लपवूं नये. भाकरी कमी पडली तर उपाशी राहिलेल्यास तें कळतें तरी. येथें ज्यास वगळलें त्यास आपण वगळलों गेलों हेंही कळत नाहीं. म्हणून ही रेघ कोणीं ओढली त्याचें नांव कागदावर असावें.

कोणी म्हणेल, श्रीमंतास डॉक्टर आणि गरिबास यंत्र, हा कोठला न्याय? दुसरा म्हणेल, कांहींच नसण्यापेक्षां यंत्र बरें. आम्हांस दोन्ही बोलणीं अपुरीं वाटतात. आज ज्याच्या चित्राकडे महिनाभर कोणी पाहणार नाहीं, त्याच्यापुढें न्यायाची गोष्ट काढून यंत्र नाकारणें म्हणजे त्याच्या फुप्फुसांवर आपलें तत्त्व जोपासणें होय. परंतु "कांहींच नसण्यापेक्षां" हें उत्तर एका वर्षापुरतें खरें असतें. तेंच दहा वर्षें चाललें तर तें उत्तर न राहतां सबब होते. यंत्रानें वांचविलेला वेळ जर डॉक्टर रोग्याशीं बोलण्यांत घालवील, तर यंत्र आलें तें बरें झालें. तो वेळ पद कमी करण्याच्या कामीं आला, तर गरिबाचें होतें तेंही गेलें.

ह्या बाबतींत शिरूर तालुक्यांतच एक चांगलें उदाहरण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी ह्यांनीं वढू येथें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें; गांवांतीलच स्त्रीपुरुषांस शिकवून आरोग्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. १९९३ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २००२ सालापासून त्याच वढूच्या केंद्रानें शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गांवांतल्या घराघराची जन्म, मृत्यु व स्थलांतर ह्यांची नोंद ठेविली आहे. अशी नोंद संगणकांत जाते खरी. परंतु ती खरी ठरते ती कोणी तरी उंबरठ्यावर जाऊन, बसून, विचारून आणिली म्हणून. यंत्रामागें चालणारे पाय नसतील तर आंकडा पोकळ राहतो.

आणि यंत्रामागील मन खोटें असेल तर काय होतें, तेंही महाराष्ट्रानें पाहिलें आहे. सोनोग्राफीचें यंत्र गर्भिणीच्या रक्षणाकरितां आलें. आमच्या लोकांनीं त्यांतून मुलगी हुडकून काढली. २००१ च्या शिरगणतींत कोल्हापूर जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें अवघ्या ८३९ मुली उरल्या होत्या. पुढें तेथील जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख ह्यांनीं प्रत्येक सोनोग्राफी-यंत्रास नोंद ठेवणारें एक उपकरण जोडण्याचा उपाय योजिला. डॉक्टरांच्या एका संघटनेनें त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. २०११ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती फेटाळली. यंत्रावर पहारा ठेवावयास दुसरें यंत्र! उपाय योग्य होता असें आमचें मत आहे, तरी तो करावा लागला ह्याची लाज वाटते, कारण पहारा वास्तविक यंत्रावर नव्हता.

आतां आमच्या गांवोगांवच्या शिक्षकांस व सेवकांस, जे रोग्याबरोबर रुग्णालयांत जातात, त्यांस कांहीं सांगावयाचें आहे. चित्र काढल्यावर "हें यंत्रानें पाहिलें कीं माणसानेंही?" असें नम्रपणें विचारावें, विचारण्यांत अपमान नाहीं. संशय निघाला तर तो संशयच आहे, थुंकीची तपासणी झाल्यावांचून त्यास रोग म्हणूं नये, व चावडीवर बोलूं नये. आणि यंत्रानें निर्दोष म्हटलें तरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रात्रींचा घाम, व वजन उतरणें हीं चालूच असतील, तर त्या मनुष्यास पुन्हां घेऊन जावें. त्याचें अंग सांगत आहे तेंही ऐकिलें पाहिजे.

एक अडचण मात्र आम्हांस अजून सुटलेली दिसत नाहीं. दरवर्षीं ऊसतोडीस बीड व नगरकडचीं कुटुंबें ह्या दोन्ही तालुक्यांत येतात, फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात, आणि कारखान्यांची धुराडीं थंड झालीं कीं उठून जातात. समजा, मार्च महिन्यांत अशा एका कोपींतील बाईचें चित्र काढलें, आंकडा मोठा आला, आणि थुंकीचा निकाल येईपर्यंत गाडी भरून निघाली. सरकारनें २०१२ सालापासून 'निक्षय' नांवाची संगणकीय नोंदवही चालू केली आहे, व तींत तिचें नांव चढलें असेल तर दुसऱ्या जिल्ह्यांतही औषध मिळूं शकतें. परंतु तिच्या गांवीं जाऊन तिला हें सांगणारा कोण? मुकादमापाशीं तिच्या गांवाचें नांव असतें. तें आधींच लिहून घ्यावें.