निबंधाचा क्रम आणि शोधाचा क्रम

संशोधनपर निबंध लिहिण्याची रीत आतां जगभर ठरून गेली आहे. प्रथम प्रास्ताविक, मग पद्धति, मग आढळलेल्या गोष्टी आणि शेवटीं चर्चा. या रीतींत असत्याचा अंश आहे काय, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीच्या मसुद्यानें आमच्यापुढें उभा केला.

ही मुलगी यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णीची. २०१७ सालच्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना त्या जिल्ह्यांतील शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें रुग्णालयांत गेले आणि कित्येक दगावले, हें वाचकांस स्मरत असेल. फवारणारे तोंडास फडकें बांधून व हातमोजे घालून काम कां करीत नाहींत, याचा शोध घेण्यास ती आर्णीच्या आसपासच्या खेड्यांतून हिंडली. निघतांना तिचा तर्क असा कीं, जेथें शिक्षण कमी तेथें खबरदारी कमी. प्रत्यक्षांत शिकलेले आणि न शिकलेले सारखेच उघड्या हातांनीं फवारतांना दिसले. दमट उकाड्यांत तोंड बांधलें कीं जीव घाबरा होतो, असें कोणी सांगितलें. मजुरीनें जाणाऱ्यास पंपांत काय कालवलें आहे हें विचारण्याची सोय नसते, असें कोणी.

मसुद्याच्या प्रास्ताविकांत मात्र शिक्षणाचा उल्लेखही नव्हता. उकाडा हेंच कारण पडताळण्यासाठीं ही बाई घराबाहेर पडली, असा वाचकाचा समज व्हावा अशी त्याची मांडणी होती. एकही वाक्य उघड खोटें नव्हतें.

पीटर मेडावर या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानें १९६३ सालीं बीबीसीवरील एका भाषणांत, शास्त्रीय निबंध ही फसवणूक आहे काय, असा रोकडा प्रश्न केला होता. निरीक्षण करतांना आपलें मन कोरें होतें असा आव निबंध आणतो, वस्तुतः कल्पना आधीं असते, हा त्यांचा आक्षेप; आणि म्हणून चर्चेचा भाग आरंभींच असावा, अशी त्यांची सूचना. आम्हांस हा आक्षेप अर्धाच पटतो. क्रम बदलण्यांत पाप नाहीं. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांच्या गाजलेल्या प्रस्तावना खंडांच्या आरंभीं छापल्या आहेत, परंतु त्या मागाहून छापलेले कागद वाचल्यावांचून लिहितां आल्या नसत्या, हें कोणासही कळतें. आम्ही तर विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों कीं, आठवण ताजी आहे तोंवर पद्धतीचा भाग लिहून काढा, प्रास्ताविक मागाहून लिहा, आणि गोषवारा सर्वांच्या शेवटीं.

परंतु हरलेला तर्क पुसून टाकणें ही निराळी गोष्ट. आधीं बाण सोडून मग त्याच्याभोवतीं वर्तुळ काढणाऱ्यास कोणी अर्जुन म्हणणार नाहीं. पुराव्याचें वजन करतांना, हा अंदाज आधीं बांधलेला कीं मागाहून सुचलेला, हें वाचकास ठाऊक असावें लागतें. उकाडा हें कारण ‘सिद्ध’ झालें असें कोणा अधिकाऱ्यानें वाचलें, तर हलके मुखवटे वाटून तो निश्चिंत होईल. आणि पंपांत काय आहे हें न विचारतां येणारा मजूर तसाच शेतांत उतरेल.

हें सर्व आम्हीं त्या मुलीस मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें. सांगतांना जीभ किंचित् अडखळली, कारण तीस वर्षांपूर्वीं आमच्या स्वतःच्या प्रबंधांत आम्हीं नेमकें हेंच केलें होतें, आणि त्याच्या ‘सुसंगत मांडणी’विषयीं परीक्षकांची शाबासकी मिळविली होती. ही गोष्ट तिला सांगण्याचें धैर्य आम्हांस त्या दिवशीं झालें नाहीं.

तिनें मूळ तर्क आणि त्याचा पराजय दोन वाक्यांत प्रास्ताविकांत घातला, आणि उकाड्याचें कारण अद्याप पडताळावयाचें आहे असें चर्चेंत लिहिलें. एका नियतकालिकाकडून निबंध साभार परत आला. गृहीतक आणि निष्कर्ष यांचा मेळ बसत नाहीं, असा शेरा होता. तीं दोन वाक्यें काढूं काय, असें तिनें पत्रानें विचारलें आहे. काढूं नये, असें उत्तर आम्हीं लिहून ठेवलें आहे, आणि या खेपेस आमच्या प्रबंधाची हकीकतही त्यांत घातली आहे. नोकरीची निकड तिला आहे, आम्हांस नाहीं. म्हणून पत्र अद्याप टपालांत पडलेलें नाहीं.