आठ बाय चारचा प्रामाणिकपणा

गेली बावीस वर्षं मी नांदेडच्या एका बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करतो आहे. स्वतःच्या पैशांची वजाबाकी घरात परस्पर होते, त्यासाठी मला कुणी तसदी देत नाही. तरीही आमच्या नातेवाइकांत असा एक गैरसमज आहे की, बी. कॉम. झालेला माणूस सोबत नेला, की बाजारात वस्तू आपोआप स्वस्त होतात. या गैरसमजापायी मी आजवर तीन लग्नांचे बस्ते, एक म्हैस आणि एक जुनी स्कूटर यांच्या खरेदीला साक्षीदार म्हणून उभा राहिलो आहे. यंदा प्लायवूडची पाळी आली.

आमचा भाचा मोटारींचं वायंडिंग करतो. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, विहिरीवरच्या. मराठवाड्यात एक वेळ पाऊस चुकेल, पण कमी दाबाच्या विजेनं मोटार जळायची चुकत नाही. त्यामुळे धंदा बरा आहे. यंदा त्यानं एका जुन्या गोदामात वर्कशॉप हलवलं. मागची भिंत चोवीस फूट लांब आणि बारा फूट चार बोटं उंच. गिलावा असा की, खिळा ठोकला तर खिळा भिंतीत जाण्याऐवजी भिंतच खाली येते, आणि तीही नेमकी तांब्याच्या तारेवर. म्हणून भिंत प्लायनं झाकायची ठरलं.

"मामा, मला बारा फुटी अखंड शीट लागलं," भाचा म्हणाला. "मधे जोड नको. गिऱ्हाईकाला भिंतीत जोड दिसला, की त्याला वाटतं, हा तारेतबी जोड देत असंल."

धंद्याचं हे तत्त्वज्ञान मला पटलं. आम्ही वजिराबादपासून जुन्या मोंढ्यापर्यंत पायपीट केली. प्रत्येक दुकानदार आधी भाच्याकडे, मग छताकडे आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणे, "आठ बाय चार." जगात रामराज्य येवो न येवो, प्लायवूड आठ बाय चारच येणार. एका सज्जनानं कारणही सांगितलं. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, एकाचा रेषा उभा तर दुसऱ्याचा आडवा, असे डिंक लावून गरम प्रेसमध्ये दाबतात. त्या प्रेसचा तवा जेवढा, तेवढी भाकरी. दहा फुटी हवं तर मोठा तवा असलेल्या कारखान्यातून मागवायचं. भाव चौरस फुटाला जवळजवळ दुप्पट, आणि भाडं वेगळं. हरियाणातल्या यमुनानगरकडून माल येतो म्हणाला. आमच्या नांदेडहून सचखंड एक्सप्रेस अंबाल्यावरून अमृतसरला जाते, यमुनानगर तिथून जवळच, एवढं मला ठाऊक होतं. पण गाडीच्या बर्थखाली बारा फुटी शीट मावत नाही.

लातूरच्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "इथं आठ बाय चार मिळतंय, पाठवू का?"

नेमकं याच सुमारास आमच्या शाखेचं नूतनीकरण चाललं होतं. जुन्या हॉलच्या भिंतींना लावलेली प्लायची शीट निघाली: दहा फुटी, अखंड, सहा नग. काम घेणारा कंत्राटदार चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, भंगारात जाणार ही. तुमच्या भाच्याला लागतात म्हणं? नव्याच्या निम्म्या भावात घ्या की."

आता इथं तुम्ही म्हणाल, यात गैर काय? मीही तेच म्हणालो, आणि तुमच्याहून जास्त वेळा म्हणालो. करारानुसार काढलेला माल कंत्राटदाराचाच होता, तेव्हा ही चोरी नव्हती. मी पैसे मोजणार होतो, तेव्हा ही लाचही नव्हती. अडचण एवढीच होती की, त्या कंत्राटदाराचं बिल तपासायला माझ्या टेबलावर होतं. त्यात रंगकामाचं माप दारं-खिडक्या वजा न करताच धरलं होतं. फरक अठराशे रुपयांचा. तिथं लाल खूण करायला मी पेन्सिल उचलली होती. प्लायचं ऐकल्यावर मी ती कानावर ठेवली. मी सुतार नाही. कानावर पेन्सिल ठेवायची मला सवय नाही.

रात्री घरी हे सांगितलं. आमच्या घरी नीतिशास्त्राचा शेवटचा शब्द सौभाग्यवतींचा असतो. त्या म्हणाल्या, "अहो, घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ. पण आठ वेळा 'यात गैर काय' असं विचारताय, त्या अर्थी काहीतरी असेल."

मी रात्रभर त्या शीटसारखाच झालो होतो: एक पापुद्रा उभा, दुसरा आडवा. प्लायवूड त्यामुळे मजबूत होतं म्हणे. माझी फक्त झोप गेली. आणि खरं सांगायचं तर पहाटेपर्यंत माझं घ्यायचं ठरलं होतं. भाच्याचं भलं, बँकेची अडगळ कमी, झाडं वाचतात. पहाटे चार वाजता माणसाला पुष्कळ उदात्त कारणं सुचतात.

सकाळी भाच्याच्या वर्कशॉपवर गेलो. तिथं मिस्त्री आला होता. त्यानं सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर कोळशानं भिंत काढली. "साहेब, हे बघा. साधी सहा शीट उभी. साहा चोक चोवीस फूट झाले. वर राहिले चार फूट. तिथं तीन शीट आडवी. आठ त्रिक चोवीस. नऊ शीटमधे भिंत झाकली, एक करवतीचा घाव नाही, एक तुकडा वाया नाही. ती चार बोटं खाली मोकळी सोडायची, म्हणजे वाळवी थेट चढत नाही."

"पण जोड?" भाचा म्हणाला.

"ते दहा फुटी घेतलं तरी वर दोन फूट उरतंयच की! जोड चुकतोय कुठं? जोडावर लाकडी पट्टी मारू, वर हत्यारं टांगा."

चोवीस गुणिले बारा म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. नऊ गुणिले बत्तीस म्हणजेही दोनशे अठ्ठ्याऐंशी. बावीस वर्षं आकडे जुळवणाऱ्या माणसाला हे सुचू नये! मग मिस्त्रीनं जुन्या शीटमधले खिळे काढायची मजुरी, वरच्या दोन फुटांसाठी दीड नवं शीट, आणि लहान टेम्पोत न मावणाऱ्या मालाचं भाडं धरलं. माझा 'निम्म्या भावातला' सौदा शेवटी चारशे रुपयांनी स्वस्त पडत होता.

चारशे रुपये! रात्रभर मी ज्यासाठी तळमळलो ती माझी किंमत चारशे रुपये निघाली. मला खरा राग आला तो या रकमेचा.

बँकेत गेलो, लाल खूण केली आणि कंत्राटदाराला म्हणालो, "शीट नको. आणि मापातून दारं-खिडक्या वजा करा." त्यानं माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि चार लोकांत म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." शिपायानं मला न मागता चहा आणून दिला.

आमच्या खातेदारांत तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पेन्शनच्या दिवशी येतात, तेव्हा त्यांना 'माझ्या एका मित्राची' गोष्ट म्हणून ही सांगितली. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ साली एका पुस्तकात दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही फसवत नाही, लहान पोरालाही तोच भाव लावतो. वागणं चोख, पण ते धंद्याच्या फायद्यासाठी असेल, तर कांट त्याला नैतिक मोल देत नाही. कर्तव्य म्हणून केलं तरच त्याला मोल.

"आणि मिस्त्रीचा हिशेब जुळला म्हणून प्रामाणिक राहिला, त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याबद्दल कांट काही बोलत नाही," प्राध्यापक म्हणाले. "त्याच्या गावात आठ बाय चार मिळत नसावं. तुमच्या मित्राला विचारा, फरक चार हजारांचा असता तर?"

माझ्या मित्राला मी अजून विचारलेलं नाही.

भाच्याची भिंत छान झाली आहे. आठ फुटांवर पट्टी आहे, तिच्यावर पाने आणि पकडी टांगल्या आहेत. गिऱ्हाइकाला जोड दिसत नाही. मला दिसतो. तिथं गेलो की माझी नजर आधी तिथंच जाते.

बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची हे कळलं नाही, तर आम्ही ती उचंत खात्यात टाकतो. कंत्राटदारानं दिलेलं ते सर्टिफिकेट मी तिथंच ठेवलं आहे. उचंत खातं फार दिवस उघडं ठेवता येत नाही, कधीतरी ऑडिटर विचारतोच. तेव्हा पुढचा मोह येईल, आणि या खेपेला हिशेब जुळवायला मिस्त्री जवळ नसेल, त्या दिवशी ती नोंद माझ्या नावे जमा करायची की परत करायची, ते ठरेल.

तोवर शिपाई चहा देतो आहे. तो मात्र मी घेतो. त्याचेही पैसे देऊन टाकावेत, असं अलीकडे वाटू लागलं आहे.