सर, दार कुठं गेलं?

संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर. सहल ठरवणाऱ्या आम्हा शिक्षकांना एक पाठ असतं: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक अजिंठ्याच्या लेण्यांकडे अनेक दशकं येत राहिले. विद्यार्थ्यांना, अभ्यासकांना सोबत आणून लेण्यातच वर्ग भरवायचे. पद्मपाणीच्या चित्रापुढे कुणीही थांबतं हो! स्पिंक दाराच्या चौकटीपाशीही रेंगाळायचे. लाकडी दारं केव्हाच गेली, पण ती जिथं फिरायची ती दगडातली खोबण राहिली. ती कशी कोरलीय, यावरून कोणतं काम आधीचं, कोणतं नंतरचं, हे ते लावत. त्यांनी मांडलं, की वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली लेणी जेमतेम वीस वर्षांत घडली, साधारण इ.स. 462 ते 480. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. स्पिंक 2019 मध्ये गेले.

आमची सहल म्हणजे दोन तासांत तीस लेणी, नि शिट्टी. मागच्या हिवाळ्यात मात्र एक मुलगी चौकटीपाशी अडली. खोबणीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘सर, दार कुठं गेलं?’’

लेण्यांजवळच्या फर्दापूरहून बस त्या दिवशी उशिराच सुटली.