घरचा रियाज आणि दुसरा कान

गाणं घरी बसून, पुस्तकावरून किंवा फोनवरून शिकता येतं का, असं कोणी विचारलं की आपल्याकडे उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. ही गुरुमुखी विद्या आहे, असं म्हणून जाणकार विषय मिटवतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि काहीसं अन्यायाचंही. आज गाणं मनापासून शिकू पाहणाऱ्या कितीतरी जणांपुढे गुरू की फोन अशी निवडच नसते. तालुक्याच्या गावी ख्याल शिकवणारं कोणी नसतं, आणि असलं तर वर्गाची वेळ आणि नोकरीची वेळ एकच. मुलांची शिक्षणं, घरातली आजारपणं आटोपून पन्नाशीनंतर तानपुरा लावून बसलेल्या बाईला ‘आता या वयात काय शिकणार’ हेही वर ऐकावं लागतं. तिच्यासाठी फोनमधले धडे हाच वर्ग आहे. ‘हे खरं शिकणं नव्हे’ असं म्हणून तिला वाटेला लावणाऱ्यांनी तिच्या गाण्याचं काहीच भलं केलेलं नसतं. या साधनांतून काय मिळतं, काय मिळत नाही आणि जे मिळत नाही ते कुठून आणायचं, हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवं.

शिवाय गाणं छापून घरोघर न्यायचा ध्यास घेतला तो मराठी मुलखातल्याच दोन विष्णूंनी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्गाबरोबर क्रमिक पुस्तकंही हवीत हे त्यांच्या मनात पक्कं होतं. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. 1904 मध्ये ते दक्षिणेत हिंडले, पुढे उत्तरेतली संस्थानं पालथी घातली, उस्तादांच्या घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा मिळवल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ तर त्यांनी मराठीत लिहिली, तीही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. ज्या चिजेसाठी शिष्याने वर्षानुवर्षं सेवा करायची आणि तरीही शेवटचा अंतरा हाती लागेलच याची खात्री नाही, ती चीज आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली. या कामाचं मोल कमी लेखणाऱ्यांनी त्याआधी किती दारं बंद होती, ती कोणाकोणासाठी बंद होती, हे आठवून पाहावं.

पण भातखंडे स्वतः पुस्तकावरून शिकले नव्हते. ते सतार शिकले, मुंबईत रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं शिकले, आणि मग लिहायला बसले. पुस्तकाने काय होतं आणि काय होत नाही, याचा उलगडा त्यांच्याच लिपीत होतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, मींड दाखवायला कमान. इतक्या थोड्या खुणांत चिजेचा सांगाडा बिनचूक उभा राहतो. आता भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, पाचही शुद्ध. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. भूप कल्याण थाटात, देशकार बिलावलात. हे सगळं पुस्तक सांगतं आणि खरं सांगतं. घरी शिकणारा ते पाठ करतो, देशकाराची चीज लिपीवरून बसवतो, पहिली ओळ ठीक म्हणतो आणि आलापात गंधारावर जरा जास्त रेंगाळतो. तिथेच भूप सुरू झालेला असतो. एकही स्वर चुकलेला नसतो. लिपीशी ताडून पाहिलं तरी सगळं जागच्या जागी, त्यामुळे आपण दुसऱ्या रागात शिरलो हे गाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. समोर बसलेल्या माणसाने तिथे नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं.

पुस्तकाची ही उणीव ध्वनिमुद्रणाने भरून निघाली, असं कोणी म्हणेल, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. धैवतावर किती थांबायचं, तिथून पंचमावर कसं उतरायचं, हे ऐकून कळतं. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी आपल्याकडे किती घडवलं याची उदाहरणं मोठी आहेत. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्या आवाजाने त्यांना झपाटलं. कुमार गंधर्व तर लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचं ते गाणं, सुई घासणाऱ्या आवाजातून ऐकलेलं. त्यातून या मुलांनी काय काय उचललं याचा विचार केला की आजच्या स्वच्छ, हव्या तितक्या वेळा ऐकता येणाऱ्या साधनांबद्दल आशा वाटायलाच हवी. पण त्यांनी पुढे काय केलं? भीमसेनांनी 1933 मध्ये, अकराव्या वर्षी घर सोडलं ते गुरूच्या शोधात. ग्वाल्हेर, रामपूर, जालंदर अशी भटकंती करून शेवटी ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे स्थिरावले, म्हणजे ज्यांची तबकडी ऐकली होती त्या खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. कुमारजी मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे शिकायला बसले. तबकडी हुबेहूब गाणाऱ्या मुलालाही शिकायचं काही उरलं होतं.

माझ्या मते गुरूचं मुख्य काम सांगणं नसून ऐकणं आहे. सांगण्याचं काम आता पुस्तकं करतात, चित्रफिती करतात, आणि कित्येकदा साधारण शिक्षकापेक्षा चांगलं करतात. पलटे कोणते घ्यावेत, खर्ज कसा भरावा, दमसास कसा वाढवावा, हे उत्तम गवयांनी मोकळेपणाने सांगितलेलं आज फुकट मिळतं. कोणतीही चित्रफीत तुमचं गाणं ऐकत मात्र नाही. तालमीचा तास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की चांगला शिक्षक त्या तासात फार बोलत नाही. विद्यार्थी गात असतो, तो तानपुऱ्यावर बोटं ठेवून ऐकत असतो, आणि मधेच म्हणतो, “पुन्हा.” कशासाठी पुन्हा, हेही दर वेळी सांगत नाही. त्या एका शब्दामागे त्याने ऐकलेलं असतं की षड्ज खालून घसरत आला, की श्वास संपता संपता निषाद उतरला, की आकारातला ‘आ’ वर जाताना ‘ए’कडे झुकला.

हे आपलं आपल्याला ऐकू येत नाही, याचं कारण शरीरातच आहे. दुसऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत हवेतून येतो. स्वतःचा आवाज हवेतून येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो, आणि हाडांतून येणारा भाग त्याला जास्त भरदार करतो. म्हणून आपलं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना आवाज पातळ आणि परका वाटतो. गाताना तर लक्ष पुढच्या स्वराकडे लागलेलं असतं, मागचा कसा लागला हे तपासायला मन मोकळं नसतं. तेव्हा घरी शिकणाऱ्याचा पहिला शिक्षक धडे देणारी चित्रफीत नसून फोनमधलं ध्वनिमुद्रण आहे, असं मी आग्रहाने सांगते. रोज दहा मिनिटं नुसता सा लावावा, मुद्रित करावा, आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावा. गाताना असलेला लोभ एका रात्रीत बराच ओसरतो आणि तोच सा दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकता येतो.

ऐकायचं कशाच्या आधाराने, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं माझं उत्तर तानपुरा असंच आहे. पेटीवर स्वर दाबून त्यात आवाज मिसळायची सवय घराघरांत आहे. पण पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा असतो. तानपुऱ्यात गंधाराची तारच नसते. जोड, पंचम आणि खर्ज नीट मिळवले, जवारी उघडली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. त्या गंधारात आपला गंधार मिळाला की दोन्ही एकाएकी स्थिरावतात, आवाजाला जोर न लावता तो मोठा वाटतो, आणि एकदा हे अनुभवलं की पेटीवरचा गंधार थोडा टोचू लागतो. आकाशवाणीने 1940 ते 1971 एवढा काळ पेटीला बंदी घातली होती. ती बंदी मला पटत नाही, साथीला पेटी फार सुंदर वाजते. पण ज्याचा कान अजून तयार व्हायचा आहे त्याने स्वर पेटीवरून उचलू नये. बंगळूरच्या रॅडेल कंपनीने काढलेली तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी आली, आता फोनमध्येही बरे तानपुरे मिळतात. लाकडी तानपुऱ्याची सर त्यांना नाही, तरी घरच्या रियाजाला ते चालतील.

स्वर बरोबर लागला की पडद्यावर हिरवा दिवा दाखवणाऱ्या ॲपबद्दल मात्र मी सावध आहे. यांतली बरीचशी त्याच पेटीच्या मोजमापाने बांधलेली असतात. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार किंवा भैरवातला झुलता रिषभ त्यांना चुकीचाच दिसणार. त्याहून मोठं नुकसान असं की शिकणारा डोळ्याने गाऊ लागतो. काटा मधोमध आला की त्याचं समाधान होतं आणि कानाला काम उरत नाही. मग दिवा नसलेल्या जागी, म्हणजे प्रत्यक्ष गाताना, त्याच्यापाशी काहीच नसतं.

घरच्या शिक्षणातला सगळ्यात घातक दोष मी वारंवार पाहिला आहे, आणि तो सुटायला एक मिनिट पुरतं. माझ्याकडे आलेल्या एका बाई दोन वर्षं चित्रफितींवरून शिकत होत्या. मेहनत अफाट, पलटे तोंडपाठ, आणि घसा कायम ओढलेला. फितीतले शिक्षक पुरुष, काळी एकमध्ये गाणारे. बाईंनीही काळी एकच धरली होती, अर्थात वरच्या सप्तकातली. त्यांचा नैसर्गिक सा काळी चारच्या आसपासचा. काळी चारचा सा लावताना स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या थोडं वर भिडतात. त्या धरत होत्या त्या पट्टीत जवळजवळ पावणेतीनशे वेळा, आणि तार षड्जाला साडेपाचशेच्या पुढे. त्यात जोर लावून, तास तास. पट्टी उतरवून दिल्यावर त्यांचा पहिला मोकळा मध्य सा निघाला तेव्हा त्या गाणं थांबवून गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “ताई, हा माझाच आवाज का?” दोन वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण दोन वर्षांत त्यांना कोणी ऐकलंच नव्हतं. पट्टी शोधायची रीत साधी आहे: आरामात, न दाबता खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधार-मध्यमापर्यंत जाता येईल असा सा निवडायचा. प्रत्येक धड्याच्या आरंभी ‘ही माझी पट्टी आहे, तुमची तुम्ही शोधा’ एवढं सांगितलं गेलं तरी कितीतरी गळे वाचतील. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर रियाज थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, हेही त्याच जागी सांगायला हवं.

दूरच्या गुरूकडून फोनच्या पडद्यावर शिकणं हा मधला मार्ग परदेशातल्या मराठी घरांनी आधी धरला, आता तो इथेही रुळला आहे. आवाज पोचायला थोडा उशीर लागतोच, म्हणून दोघांना एकत्र गाता येत नाही; गुरूने म्हणायचं, थांबायचं, मग शिष्याने म्हणायचं. आवाजामागे आवाज लावून शिकण्यातला मोठा भाग यात जातो. शिवाय अशा कॉलमधली गोंगाट गाळणारी सोय तानपुऱ्याच्या अखंड नादालाच गोंगाट समजून पुसून टाकते, ती बंद करावी लागते. एवढं असूनही हे शिक्षण मी चित्रफितीच्या वर ठेवते, कारण पलीकडे कोणीतरी ऐकत असतं.

मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत गाण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. सांगलीत त्या आधी शिकलेलं घरी एकट्याच घोटत असत. उपचारासाठी तिथे राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर जाता-येता तो रियाज पडला आणि ते आपणहून शिकवायला आले. एरवी ही गोष्ट भाग्य कसं उघडतं म्हणून सांगतात. मला त्यात घरच्या रियाजाची प्रतिष्ठा दिसते. एकटीने केलेली मेहनत पक्की होती, म्हणूनच रस्त्यावरून जाणाऱ्या एवढ्या मोठ्या कानाला ती थांबवू शकली.

असे कान आज रस्त्याने जात नाहीत, तर ते उपलब्ध करून देता येतील. आपल्याकडे गावोगाव विशारद, अलंकार झालेली माणसं आहेत, त्यांतली कित्येक शिकवत नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रं आहेत, तिथे वर्षातून ठरावीक वेळा विद्यार्थ्याला गुण मिळतात. गुण न देता नुसतं ऐकण्याची बैठक तिथेच महिन्यातून एकदा का होऊ नये? घरी शिकणाऱ्याने यावं, पंधरा-वीस मिनिटं गावं, ऐकणाऱ्याने पट्टी, स्वर, श्वास, लय यांबद्दल चार गोष्टी सांगाव्यात आणि पुढच्या महिन्यापर्यंतचं काम नेमून द्यावं. त्याचे पैसे घ्यावेत, कारण ते कसबाचं काम आहे. नेहमीच्या वर्गाचा विद्यार्थी हो, अशी अट मात्र घालू नये. धडे तयार करणाऱ्यांनीही प्रत्येक चार-पाच धड्यांनंतर ‘आता पुढे जाऊ नका, आधी कोणाला तरी ऐकवा’ असा थांबा घालावा, आणि कोणाला ऐकवायचं याची यादी जिल्हावार सोबत द्यावी.