आमच्याच बाळाला असे का?

डॉक्टरला दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा शब्द म्हणजे 'का'. ताप का उतरत नाही, साखर का वाढली, गुडघा का दुखतो? महाराष्ट्रात पदवी घेऊन परदेशी आल्याला आता बरीच वर्षे झाली. या 'का'ला उत्तरे देण्यातच माझा बहुतेक काळ गेला. पण एक 'का' असा आहे की त्याच्यासमोर वैद्यकशास्त्राची पुस्तके अपुरी पडतात. तो म्हणजे जन्मतःच मेंदूची रचना वेगळी असलेल्या बाळाच्या आईवडिलांचा 'का'. उत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय जड वाटेल, याची मला कल्पना आहे. पण असे आईवडील नेमके उत्सवाच्याच दिवशी घरी बसतात, म्हणून येथेच लिहावेसे वाटले.

दोह्याच्या दक्षिणेला, उम्म अल हूल येथे, हमद पोर्ट आहे. डिसेंबर 2016 मध्ये तेथे कामकाज सुरू झाले. जून 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारशी दळणवळण तोडले, तेव्हा याच बंदरातून आपल्या न्हावा शेवाशी थेट जहाजसेवा सुरू झाली. या बंदरात काम करणारे एक मराठी गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले होते. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांच्या मुलाला आकडी येत होती, मान धरत नव्हती. एमआरआयमध्ये 'लिसेनसेफॅली' असे निदान झाले होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे एखादा कंटेनर चुकला, तर त्याची चार अक्षरे आणि सात आकडे टाकले की तो कुठे चढला, कुठे उतरला, कुणी हलवला, सगळे दिसते. मग आमच्या मुलाच्या बाबतीत कुठे चुकले, हे कुणीच का सांगत नाही?"

पत्नीने काहीच विचारले नाही. तिने पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. चौथ्या महिन्यात केलेला बसचा प्रवास, एकदा खाल्लेली पपई, ग्रहणाच्या दिवशी चिरलेली भाजी, सासूबाईंनी पाठवलेली गर्भसंस्काराची सीडी ऐकायची राहून गेलेले दिवस. सगळे तारखांसह लिहिले होते. नवरा नोंद शोधत होता आणि बायकोने ती स्वतःच्या नावावर करूनही टाकली होती.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग पाचव्या महिन्यापर्यंत सर्वांचाच जवळजवळ गुळगुळीत असतो. मेंदूच्या पेशी आत खोलवर, पोकळ्यांच्या कडेला जन्मतात आणि तेथून बाहेरच्या थरापर्यंत प्रवास करतात. हा प्रवास मुख्यतः तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होतो. पुढे त्या थराला वळ्या पडतात. काही बाळांत पेशी वाटेतच अडतात, वळ्या पडत नाहीत. ग्रीक शब्दांवरून आलेल्या 'लिसेनसेफॅली' या नावाचा अर्थच गुळगुळीत मेंदू. यामागचे एलआयएस 1 हे जनुक 1993 साली सापडले. बहुतेक वेळा त्यातील बिघड नव्याने घडलेला असतो. तो आईत नसतो, वडिलांत नसतो, घराण्यातही नसतो. कोट्यवधी अक्षरांची नक्कल होताना एखादे अक्षर चुकते, तसा. पपईने तो होत नाही, बसच्या धक्क्याने होत नाही आणि ग्रहणाने तर नाहीच नाही.

म्हणजे कारण आहे, पण दोषी नाही. आपल्या मनाला हे पटत नाही. कारण म्हटले की आपण लगेच अपराधी शोधू लागतो. मला वाटते, यात आपल्या समाजाचाही वाटा आहे. अभिमन्यूची कथा सांगून आपण गरोदर बाईला म्हणतो, तू जे ऐकशील, जे वाचशील, तसे बाळ होईल. बाळ हुशार निघाले की श्रेय गर्भसंस्काराला. मग बाळ तसे निघाले नाही की हिशेब कुणाकडे जातो? गरोदरपणी आनंदी राहावे, चांगले ऐकावे, यात वावगे काहीच नाही. पण जे श्रेय आपण आईला सहज देऊन टाकतो, त्याच्या पाठीमागे तिच्या नावाची एक उधारीही लिहिली जाते, हे ध्यानात ठेवावे.

मग कारण शोधूच नये का? शोधावे, आणि नेटाने शोधावे. सगळ्याच रुग्णांत कारण नवे नसते. डीसीएक्स हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे मुलग्याला, तो बिघड मिळण्याची शक्यता निम्मी असते. नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांत काही प्रकार दोघांकडून मिळून येतात. तेथे प्रत्येक गरोदरपणी धोका चारात एक असतो. बिघड नवा असेल, तर पुन्हा तसे होण्याची शक्यता फार थोडी असते, पण शून्य नसते. कधी कारण जनुकात नसतेच. 2015-16 साली ब्राझीलमध्ये झिका विषाणूने हे जगाला दाखवले आणि 2024 साली पुण्यात गरोदर स्त्रियांनाही या विषाणूची लागण झाली. दुसऱ्या बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्याला ही माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे. मात्र तपासण्या करूनही कारण हाती लागले नाही, तर तसे स्पष्ट सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

कधी उत्तर जन्माआधीच येते, आणि तेव्हा प्रश्न अधिक कठीण होतो. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. गरोदरपणाचा आठवा महिना उलटलेला होता. गर्भाचे डोके लहान, मेंदू गुळगुळीत. वैद्यकीय मंडळाने गर्भपाताला अनुकूल मत दिले नाही. न्यायालयाने मात्र निर्णयाचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असे सांगून परवानगी दिली. या निकालावर वाचकांत मतभेद असतील, असावेत. पण माझ्या पाहण्यात दोन्ही प्रकारच्या आया आल्या आहेत. एकीने थांबवले, एकीने जन्म दिला. दोघींपैकी कुणाचेही प्रेम कमी होते असे मला एकदाही वाटले नाही.

शेवटचा 'का' राहतो. "देवाने आमच्याच वाट्याला का दिले?" येथे कुणीतरी हळूच म्हणतो, "पूर्वजन्मीचे काही असेल." मी शास्त्री नाही. पण कर्माचा सिद्धान्त, माझ्या समजुतीप्रमाणे, माणसाने स्वतःच्या वागण्याची जबाबदारी घ्यावी म्हणून आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निकाल लावण्यासाठी तो वापरणे म्हणजे तो उलटा धरणे. एखाद्या आईला स्वतःहून त्या विचाराचा आधार वाटत असेल, तर तो तिचा आहे. तो काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण तो तिच्या हाती देण्याचा अधिकारही कुणाला नाही. महाभारतातील अष्टावक्राचे शरीर आठ ठिकाणी वाकडे होते. ते पित्याच्या शापाने, अशी कथा आहे. त्यात त्याच्या आईला कुणी बोल लावलेला नाही. आणि जनकाच्या सभेत त्याचे मोल ठरले ते त्याच्या बोलण्यावरून.

आकडी आटोक्यात ठेवता येते, गिळण्याची आणि श्वासाची काळजी घेता येते, व्यायामाने सांधे आखडणे कमी करता येते. मेंदूच्या वळ्या मात्र आणता येत नाहीत. हे सांगून झाल्यावर डॉक्टरचे काम बरेचसे संपते, आणि आपल्यासारख्या मंडळांचे सुरू होते. परदेशात ना आजी हाताशी असते, ना मावशी-आत्या. तेव्हा पुढच्या वेळी असे कुटुंब भेटले तर "कसे काय झाले हो?" असे विचारू नये. "शनिवारी दोन तास मी बाळाजवळ बसते, तुम्ही जरा झोपा," असे म्हणावे. आरतीला त्यांना आवर्जून बोलवावे, आणि ढोल-ताशांचा आवाज बाळाला सोसवत नसेल तर मांडवात जरा लांबची, शांत जागा आधीच राखून ठेवावी. प्रसाद तेथे नेऊन द्यावा, आणि बाळाला त्याच्या नावाने हाक मारावी.